इन्स्पेक्शनची वर्दी

शाखेत इन्स्पेक्शनची वर्दी आली, की एरवी फायलींखाली गाडलेलं टेबल लख्ख दिसतं आणि शिपाई चक्क गणवेशात येतो. ही कला फक्त आम्हां बँकवाल्यांची, असा माझा समज होता. पण जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीनं ती मोटारीला शिकवली! अमेरिकेत ‘स्वच्छ डिझेल’ म्हणून जाहिराती केलेली ही मोटार. चाकं फिरताहेत पण स्टिअरिंग हलत नाही, म्हणजे आपण तपासणीच्या रोलरवर आहोत, हे बाईसाहेबांना कळायचं. लगेच धूर सोवळ्यात! रस्त्यावर आल्या, की नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मंडळींनी मोजायचं यंत्र गाडीतच ठेवून तिला रस्त्यावर पळवलं, तेव्हा आकडे जुळेनात. २०१५ साली कंपनीनं कबूल केलं : जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या! आमच्या टेबलावरची धूळ फार तर खातेदाराच्या नाकात जाते. हा धूर मागून सायकलवर येणाऱ्या पोराच्या छातीत गेला.

सगळ्याच कंपन्या अशा, असं नाही म्हणत मी. पण हिरव्या पानाचं चित्र छापलेला अहवाल हाती आला, की पहिला प्रश्न हाच येतो : तपासायला येणार, हे यांना आधी कळवलं होतं का हो?