सोळा तास, दोन नातवंडे

तान्हे मूल बरोबर असले म्हणजे प्रवास मैलांत मोजू नये, दुपट्यांत मोजावा, असे माझ्या सासूबाई म्हणत. त्यांच्या हिशेबाने पनवेल ते पुणे चार दुपटी. पनवेल ते अमेरिका किती, हे त्यांना कुणी विचारले नाही आणि विचारायची वेळ आली तेव्हा त्या राहिल्या नव्हत्या. दुपट्यांची जागा आता डायपरने घेतली आहे. घरातून घरापर्यंत मोजून एकोणीस लागले.

आम्ही सुकापूरला राहतो. नवीन पनवेलच्या कडेला, माथेरानच्या रस्त्यावर. लेकीने पहिले बाळंतपण तिकडे न्यू जर्सीत केले होते, ऐन हिवाळ्यात, दोघांच्या दोघांनीच. दुसऱ्याला मी हट्टाने तिला इकडे बोलावून घेतले. थोरल्याला घेऊन ती एकटीच आली. मुलगी झाली. दहा महिने घर कसे भरून गेले होते! मग २०२४ च्या जुलैत परतायची वेळ आली. थोरला तीन वर्षांचा, धाकटी सात महिन्यांची. जावईबापूंना रजा मिळेना, तेव्हा सोबतीला मी जायचे ठरले. आमच्या घरचे म्हणाले, "माझे गुडघे मी सांभाळतो. तू तिला सांभाळ."

सल्ला द्यायला सारी सोसायटी लोटली. कुणी म्हणाले मुलांना झोपेचे औषध द्या (हे मात्र कुणीही, कधीही, डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये), कुणी म्हणाले नाचणीचे सत्त्व न्या. सत्त्व नेले. द्रव पदार्थ शंभर मिलिलिटरच्या वर नेता येत नाहीत, हा नियम २००६ पासून सगळ्यांना पाठ झालेला. पण तान्ह्या मुलाच्या दुधाला तो लागू नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तपासणीच्या वेळी दुधाची बाटली वेगळी काढून दाखवावी लागते, इतकेच.

निघायच्या आदल्या रात्री पाहते तो लेक स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली. पुढ्यात छोट्या पारदर्शक पिशव्यांचा ढीग. एकेका पिशवीत चार चॉकलेटे, कानात घालायचे दोन बोळे आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी इंग्रजीत होती, तिचे मराठी असे: "नमस्कार. मी सात महिन्यांची आहे. हा माझा पहिलाच विमानप्रवास. मी रडले तर मला आणि माझ्या आईला क्षमा करा."

"हे कुणाला?"

"आजूबाजूच्या लोकांना. हल्ली पुष्कळ जणी देतात, आई."

"अगं, पोरीच्या नावानं पहिलं पत्र लिहिलंस, ते माफीचं? गुन्हा काय तिचा?"

तिने पिशवीची गाठ मारली. खाली मान घालूनच म्हणाली, "येताना थोरला दोन तास रडत होता. मी एकटी, पोटात ही. मागच्या बाई मला काय काय बोलल्या, ते मी तुला सांगितलं नाही. सांगणारही नाही."

मी तिच्याजवळ बसले आणि उरलेल्या पिशव्यांच्या गाठी मारल्या. सोळा होत्या.

त्या रात्री मला पंडिता रमाबाई आठवत राहिल्या. १८८२ मध्ये पती वारले आणि १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाल्या, तेव्हा त्यांची मनोरमा जेमतेम दोन वर्षांची होती. पुढे १८८६ मध्ये तिलाच घेऊन त्यांनी अटलांटिक ओलांडला. ११ मार्चला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी. आनंदीबाई स्वतः ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांचे बाळ दहा दिवसांचेच सोबती ठरले होते. हे प्रवास पाहिले की आमच्या सोळा तासांचे हसूच येते. पण बोटीला डेक असतो, मूल त्यावर धावू शकते. शिवाय आठवडेच्या आठवडे एकत्र काढले की परके माणूस परके राहत नाही. विमानात शेजाऱ्याचे गाव विचारावे तोवर त्याने डोळ्यांवर पट्टी ओढलेली असते. ओळख व्हायला वेळच नाही, मग रागावणे तेवढे सोपे.

विमान मध्यरात्रीनंतरचे, सहारहून. (नवी मुंबईचा विमानतळ आता आमच्या अगदी दाराशी आला आहे. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. तेव्हा मात्र पाऊस झेलत वाशीचा पूल ओलांडून जावे लागले.) दोन वर्षांखालचे मूल मांडीवर, त्यावरच्याला स्वतंत्र खुर्ची, असा कायदा. धाकटीसाठी समोरच्या भिंतीला अडकवायचा पाळणा मिळाला. तो पाहून मी हरखले; पण त्याची मेख पुढे कळली. विमान जरा हादरू लागले आणि पट्टे बांधायची खूण पेटली की निजलेले मूल उचलून मांडीवर घ्यावे लागते. घंटी वाजायची ती नेमकी तिचा डोळा लागल्यावर! चार वेळा झाले.

आणि कान. विमान पस्तीस हजार फुटांवर गेले तरी आतली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्याइतकी दाट राखलेली असते. म्हणजे आमचे बाळ कळसूबाईच्या माथ्याहून उंच जाऊन बसले होते. कळसूबाई ५,४०० फूट. विमान वर चढताना हवेचा दाब उतरतो, खाली येताना वाढतो. नाकामागून कानात जाणारी नळी लहान मुलांत फार अरुंद असते. गिळताना ती उघडते आणि आतबाहेरचा दाब सारखा होतो. पूर्वी हवाईसुंदऱ्या उड्डाणाआधी लिमलेटच्या गोळ्या वाटत, त्यातले इंगित हेच. तान्ह्याला गोळी कुठली देणार? त्याला पाजावे. पण घाई करू नये. आमचे विमान बराच वेळ रांगेत उभे होते. आधीच पाजले असते तर ऐन चढताना पोर पोट भरून तोंड फिरवती.

हवा मात्र अशी कोरडी की ओठ तडकतात. जुलैतल्या पनवेलात पापड डब्यात सादळतो आणि इथे सुकी हवा वाळवंटालाही लाजवील! दर तासाला दोघांनाही काही ना काही पाजत होतो.

थोरल्याने पहिले पाच तास राजासारखे काढले. मग त्याने बूट घातले आणि माझा हात धरला.

"आजी, आता उतरू या."

त्याला पनवेल–दादर ठाऊक. कंटाळा आला की उतरायचे, स्टेशनावर वडा खायचा. त्याला काय सांगावे? मी त्याला दारापर्यंत नेले. दार बंद. मागच्या दारापर्यंत नेले. तेही बंद. "स्टेशन यायचंय अजून," म्हटले. त्याला ते पटले. पण दर अर्ध्या तासाने आम्ही दोन्ही दारे पाहून येत होतो, आणि माझ्या गुडघ्यांना घरच्यांच्या गुडघ्यांची आठवण होत होती.

धाकटी रडली ती दहाव्या तासाला. साधे रडणे नव्हे, टाहो. लेक उठली आणि बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालू लागली. प्रत्येक रांगेपाशी "सॉरी". डावीकडे सॉरी, उजवीकडे सॉरी. कुणी काही बोलत नव्हते तरीही. एका आजोबांनी तर हसून हात केला, त्यांनाही सॉरी. माझ्या पोटात तुटले. मुलांची काळजी घेणाऱ्या साऱ्या याद्यांत हिचे नाव कुठेच नव्हते. किती वेळ जेवली नव्हती, ते मलासुद्धा आठवेना.

मी बाळ काढून घेतले. सासूबाईंच्या जुन्या नऊवारीच्या दुपट्यात गुंडाळले आणि म्हटले, "त्या पिशव्या काढ."

"वाटू?"

"बैस. फोड एक."

तिने फोडली. चारही चॉकलेटे तिला खायला लावली. मग बोळे तिच्या हातावर ठेवले. "घाल कानात."

"अगं, ते लोकांसाठी..."

"लोकांनी विकत घ्यावेत. तुला झोपेची गरज आहे. मी दोन पोरी वाढवल्यात, रडण्यानं मी मरत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिने बोळे घातले. पाच मिनिटांत तिचे डोके माझ्या खांद्यावर कलंडले. अडीच तास झोपली. धाकटी त्यातला अर्धा तास रडली, थोरला एकदा दारे पाहून आला (हवाईसुंदरीबरोबर), आणि माझा हात बधिर झाला. तिला मी उठवले नाही.

उतरताना कान अधिक दुखतात, म्हणून शेवटचे पाजणे राखून ठेवले होते. ते उपयोगी पडले.

न्यूअर्कला बाहेर जावईबापू उभे होते. धाकटीला त्यांनी आजवर फोनवरच पाहिले होते आणि तिनेही त्यांना. फोनमधल्या त्या तळहाताएवढ्या बाबांना पाहून ती खिदळत असे. हे पुढे आलेले उंच, दाढी वाढलेले गृहस्थ तिच्या ओळखीचे नव्हते. त्यांनी हात पुढे केले आणि तिने असा गळा काढला की भोवतालची पन्नास माणसे वळून पाहू लागली.

जावईबापूंचा चेहरा उतरला. लेक म्हणाली, "रडू दे तिला. घे तू." आणि बाळ त्यांच्या हातात देऊन ती सामानाची गाडी ढकलायला लागली. कुणालाही सॉरी म्हणाली नाही. पंधरा पिशव्या अजून तिच्या खांद्यावरच्या झोळीत होत्या.