उजीचा चहा आणि माझा कप

मे महिन्याच्या सुट्टीत पंधरा दिवस माझ्या धाकट्या बहिणीकडे, जपानात क्योतोला जाऊन आले. निघताना शेजारणींनी बजावलं होतं, देवळं बघ, किमोनो नेसून फोटो काढ. ते सगळं झालंच. पण मैत्रिणींनो, परत आल्यापासून मी बोलत सुटते ती चहाबद्दल! आणि त्याची सुरुवात झाली माझ्या फजितीनं.

तिसऱ्याच दिवशी बहीण आणि मेहुणे कामावर गेलेले असताना घंटी वाजली. दारात समोरच्या आजी. सत्तरी ओलांडलेल्या, नीटनेटक्या, हातात छोटासा पुडा. त्यांच्या बोलण्यातला एकच शब्द मला कळला, 'ओचा'. म्हणजे चहाच की! चीनमधून निघालेला 'चा' त्यांच्याकडेही गेला आणि आपल्याकडेही आला. पुढचा 'ओ' मानाचा, आपण 'जी' लावतो तसा. आता दारी आलेल्या बाईला चहा न देता कसं पाठवायचं? तोच पुडा फोडला, आधण ठेवलं, दोन चमचे पत्ती टाकून चांगली खळखळून उकळली, दूध-साखर घातली. रंग काय आला म्हणून सांगू, शेवाळलेल्या हौदासारखा! आजींनी दोन्ही हातांनी कप धरून तो शेवटपर्यंत प्यायला. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

संध्याकाळी बहिणीनं पुडा पाहिला आणि कपाळावर हात मारला. "ताई, अगं ही शिनचा! वर्षाची पहिली खुडणी!"

जपानी पंचांगात फेब्रुवारीच्या सुरुवातीला वसंत लागतो. तिथपासून अठ्ठ्याऐंशीवा दिवस, म्हणजे साधारण २ मे, हा नव्या चहाचा मुहूर्त. आपल्याकडे पहिले आंबे आले की शेजारी चार देतो ना, तसा हा चहा देतात. तो मी उकळला होता.

पापक्षालन म्हणून रविवारी बहीण मला उजीला घेऊन गेली. क्योतोहून आगगाडीनं अर्ध्या तासाच्या आत. स्टेशनबाहेर पत्रपेटीसुद्धा चहाच्या बरणीच्या आकाराची! नदी ओलांडायच्या पुलाशी चहाची जुनी दुकानं आहेत. ब्योदोइन देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत पाऊल टाकलं की पत्ती भाजल्याचा वास येतो, थेट आपल्याकडे दिवाळीच्या आधी भाजणीचा येतो तसा खमंग. त्या भाजलेल्या चहाला होजिचा म्हणतात. देवळाचं मुख्य दालन १०५३ सालचं, त्यांच्या दहा येनच्या नाण्यावर त्याचं चित्र आहे. देऊळ सुंदरच, पण माझं लक्ष सगळं दुकानांत.

हिरवी पूड असते ती माच्चा. तिच्यासाठी खुडणीआधी तीन-चार आठवडे झाडांवर सावली धरतात. पूर्वी वेताच्या चटया आणि भाताचा पेंढा घालत. ऊन नाही म्हणून पानांचा तुरटपणा कमी राहतो आणि गोडवा टिकतो. मग ती वाफवून, वाळवून दगडी जात्यावर दळतात. तासाभरात पीठ पडतं जेमतेम ४० ग्रॅम! आमच्या आजीनं ते जातं केव्हाच भंगारात काढलं असतं.

पण घराघरात रोज पितात ती साधी पत्ती, सेन्चा. पाणी हिरवं दिसावं म्हणून पान वाफवून, हातानं वळत वाळवायची रीत १७३८ साली उजीजवळच्याच एका गावात नागातानी सोएन या शेतकऱ्यानं बसवली. त्याआधी सामान्य माणूस जाडाभरडा, तांबूस चहा प्यायचा.

उजी नगरपालिकेच्या चहागृहात आम्ही माच्चाही घेतला. आधी गोड खायचं, मग वाडगा थोडा फिरवून प्यायचं, म्हणजे त्याची दर्शनी बाजू तोंडाला लागत नाही. गुडघ्यांवर बसून माझे पाय बधिर झाले, तरी त्या बाईंचा हात पाहत राहावासा वाटला. बहीण म्हणाली, हा विधी शतकानुशतकं मुख्यतः पुरुषांचा होता. त्याला रूप देणारे सेन नो रिक्यू १५९१ साली वारले. १८७५ मध्ये तोक्योत आतोमी काकेई या बाईंनी मुलींची शाळा काढली, तिथे तो अभ्यासात आला. आज शिकणाऱ्या बहुतेक बायकाच. पण रिक्यूंच्या वंशातल्या तिन्ही गाद्यांवर मात्र पुरुष. हे ऐकून मला आपल्याकडच्या स्वयंपाकाची आठवण झाली. घरात बायका रांधणार, पंगतीचा आचारी मात्र पुरुष!

परतल्यावर दोन दिवसांनी आजींनी आम्हाला बोलावलं. माझ्या त्या चहाबद्दल अवाक्षर नाही. मूठ बाजूला असलेली लहानशी किटली, तिला क्यूसू म्हणतात. उकळलेलं पाणी त्यांनी आधी रिकाम्या कपांत ओतलं. त्यानं कप गरम होतात आणि पाणी सत्तर-ऐंशी अंशांवर उतरतं. मग ते पत्तीवर घालून मिनिटभर थांबल्या. आणि मग ओतण्याची तऱ्हा! पहिल्या कपात थोडा, दुसऱ्यात थोडा, तिसऱ्यात थोडा. पुन्हा तिसऱ्यापासून उलट. शेवटचा थेंब पडेपर्यंत. असं केलं की तिन्ही कप सारखे उतरतात, एक पांचट आणि एक कडक असं होत नाही.

तिसरा कप त्यांचा स्वतःचा होता. मला काय वाटलं ते कसं सांगू? आमच्या घरी दिवसातून सात-आठदा चहा होतो. माझा कप सर्वांत शेवटी, गाळण्यात उरेल तेवढा, तोही ओट्याशी उभ्यानं.

बहिणीनं हे त्यांना सांगितलं तशा आजी हसल्या. लग्नाआधी त्या एका कचेरीत होत्या. सकाळी आणि दुपारी सगळ्या पुरुषांना चहा द्यायचा, कुणाचा कप कोणता हे पाठ. त्याला नावच आहे, ओचाकुमी. याच कामाविरुद्ध १९६३ साली क्योतोच्या महापालिकेत बायकांनी बंड केलं होतं. आजींनी बंड वगैरे केलं नाही. म्हणाल्या, "तेव्हा स्वतःसाठी ओतायचं राहूनच जायचं. आता तीन वाजता चांगली पत्ती काढते. एकटी असले तरी." उरलेल्या भातावर गरम चहा ओतून आंबट-खारट लोणच्याबरोबर खायचं, ओलसर चोथा चटईवर पसरून केर काढायचा म्हणजे धूळ उडत नाही, हेही त्यांनीच दाखवलं. तरुण मंडळी मात्र बाटलीतला चहा घेतात, कित्येकांकडे किटलीच नाही, म्हणत होत्या.

येताना एक पुडा आणला. सासूबाईंनी घोटभर घेतला आणि म्हणाल्या, "पालक उकडल्याचं पाणी गं हे! माझा आल्याचा कर."

केला. पण कप मात्र ओळीनं चार मांडले आणि थोडा थोडा करत फिरवून ओतला.

"अगं, एकेक भरून टाक की," सासूबाई म्हणाल्या.

"आई, थांबा जरा," म्हटलं आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत ओतत राहिले. मग माझा कप घेऊन त्यांच्याशेजारी बसले. ह्यांनी आपल्या कपात वाकून पाहिलं.

"आज दूध कमी आलं का?" त्यांनी विचारलं.