गाडीला दावं

मार्चमध्ये शेजारच्या काकांची मोटारसायकल गेली. अगदी दारातून. हँडल लॉक केलेलं होतं आणि वर घरातली सगळी झोपलेली. तिथून दहा पावलांवर माझी आरएक्स १०० उभी होती, तीही नुसत्या हँडल लॉकच्या भरवशावर. माझी कशी राहिली, हे कोडं मिस्त्रीनं सोडवलं. "एका रात्रीत दोन नेल्या की गल्ली जागी हुती. तुमची पुढच्या खेपेला."

आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये बंद झालं. कोल्हापुरात या गाडीवर जीव टाकणारी माणसं किती, ते कुठल्याही चौकात पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. चांगल्या स्थितीतल्या गाडीला लोक लाखाच्या पुढे मोजतात. विमा मात्र माझ्यासारख्या बहुतेकांचा थर्ड पार्टी, म्हणजे गाडी चोरीला गेली तर हातात शून्य. काकांचा विमा पूर्ण होता, तरी त्यांचे हाल मी जवळून पाहिले. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली गुन्हा नोंदवून घेतला, तिथवर सरळ झालं. मग विमा कंपनीनं दोन्ही मूळ किल्ल्या मागितल्या. काकांकडे एकच. दुसरी कुठल्याशा लग्नात हरवलेली. शिवाय तपास लागला नाही असं सांगणारी पोलिसांची 'अ' समरी यायची होती, तिची वाट बघणं वेगळंच. काकू म्हणाल्या, "गाडी न्यायला चोराला कागद लागला नाही, आम्हाला फाईल लागली."

मी त्याच आठवड्यात गाडी मिस्त्रीकडे नेली. त्यानं हेडलाइट उघडून किल्लीच्या वायरी बोटानं दाखवल्या. तोवर मला वाटायचं, किल्ली बंद केली की करंट तुटतो. या इंजिनात उलटंच आहे. ठिणगीचा करंट बॅटरीवर अवलंबून नाही, तो मॅग्नेटमधून येतो. किल्ली बंद असते तेव्हा एक वायर बॉडीला टेकते आणि करंट तिकडे वाहून जातो, म्हणून गाडी चालू होत नाही. त्या वायरी मध्येच निघाल्या की गाडीच्या लेखी किल्ली चालूच! उरलं हँडल लॉक. "ते पायाचं काम हाय," मिस्त्री म्हणाला. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर माझी सारी भिस्त होती, त्यातली एक लाथेनं जाणारी आणि दुसरी नसल्यातच जमा.

दुकानदारानं आधी डिस्क लॉक पुढे केलं. आरएक्सला मुळात डिस्कच नाही, दोन्हीकडे ड्रम ब्रेक. मग त्यानं साखळी काढली, प्लास्टिकच्या नळीतली, दिसायला दणकट. ती घेऊन मी शिवाजी उद्यमनगरात एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथं लोखंडाचं खरं-खोटं लगेच होतं. लेथवरच्या मामांनी नळी मागं सारली, आत जेमतेम सहा मिलिमीटरची कडी निघाली. मोठा कटर लावला आणि कट्! मामांनी मान वर करूनही बघितलं नाही. मग त्यांनी स्वतःकडची हार्डनिंग केलेली जाड साखळी जमिनीवर टाकली आणि कटरचा एक दांडा फरशीवर टेकवून दुसऱ्यावर अंगाचा भार दिला. कडी तुटली नाही, पण ओरखडा चांगला खोल गेला. तीच साखळी हवेत ताणून धरली तेव्हा दोन्ही दांडे हातांनीच दाबावे लागले, जोर अर्धासुद्धा लागेना. "साखळी भुईवर लोळू द्यायची न्हाई," मामा म्हणाले, "आणि फुडच्या चाकाला तर बांधायचीच न्हाई. चाक तुमाला ठिवत्यात, गाडी त्येनला." तेव्हापासून साखळी मागच्या चाकातून आणि चेसिसमधून, ताणून.

पण ताणायची कशाला? आमच्या सोप्यात ना खांब, ना झाड. गाडी कशाला तरी जखडली नाही तर दोघं जण ती साखळीसकट उचलून टेम्पोत टाकतात. शंभर किलोच्या आसपासची तर गाडी. म्हणून जमिनीत कडं बसवायचं ठरलं. मी वेल्डिंगचं म्हणालो तर मामांनी उडवून लावलं. कडक केलेल्या लोखंडाला वेल्डिंगची आच लागली की तिथंच ते बिघडतं. त्यापेक्षा त्यांनी साधी २० मिलिमीटरची सळई यू आकारात वाकवून दिली आणि टोकं बाहेरच्या बाजूला मुरडली. एवढी जाडी हातातल्या कटरच्या तोंडात मावतच नाही.

गवंड्यानं शहाबादी फरशी काढून फूटभर खड्डा घेतला. नुसत्या फरशीत बोल्ट मारून काम उरकायचा त्याचा बेत होता, पण पहारीनं फरशी उचकटली की कडं आपसूक निघालं असतं. खाली काँक्रीट, त्यात मुरडलेली टोकं, वर आठवडाभर पाणी. आई रोज सकाळी तुळशीबरोबर कड्यालाही तांब्या ओतायची. म्हणाली, "बैल गेले, गोठा गेला, आणि आता दावं गाडीला!" तिची खरी तक्रार रांगोळीची होती. कडं ऐन उंबऱ्यासमोर येत होतं, ते हातभर बाजूला घ्यावं लागलं.

मध्यंतरी अलार्मचं कुलूपही आणलं होतं. गल्लीतला बोका सीटवर झोपायला येतो, हे त्या कुलपाला कोण सांगणार? चार-पाच रात्रींनी ते कोकललं तरी कुणी कूस बदलेना. परत करून टाकलं. माणूस आला की पेटणारा दिवा लावला, तो बोक्यालाही चालतो आणि मलाही. जीपीएसचा विचार सोडला, कारण या गाडीची इवलीशी बॅटरी त्याला रोज पुरणार नाही. गाडीवर कापड मात्र घातलं. खाली आरएक्स आहे की कुठली जुनी खटारा, हे रस्त्यावरून कळू नये एवढ्यासाठी.

या सगळ्याला रोज रात्री दोन मिनिटं लागतात. पावसाळ्यात कुलपाचं तोंड खाली ठेवतो, नाहीतर इथल्या पावसात आठवड्यात गंज धरतो. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि तो ठसा आरसी बुकाबरोबर ठेवला. दुसरी किल्ली बहिणीकडे राजारामपुरीत.

शेवटी मिस्त्रीनं स्वतःहून एक चोर बटण बसवून दिलं. किल्लीच्या सॉकेटच्या पुढे, इंजिनच्या बाजूला, तीच वायर बॉडीला टेकवणारं. वायरी उपसल्या तरी आता गाडी मुकीच. बटण कुठं आहे ते घरात सगळ्यांना माहीत आहे, बाहेर फक्त मिस्त्रीला. मी त्याला तसं बोलूनही दाखवलं. तो हात पुसत म्हणाला, "मग गाडी गेली तर पयला मलाच धरा की. पैसं द्या आता."