चहापत्तीचा धुंगार

मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांनी ज्या काही शब्दांवर सारखाच हक्क सांगावा, त्यांत 'धुंगार' हा एक शब्द आहे. मराठी घरांत ताकाला, वांग्याच्या भरताला धुंगार देतात. आमच्याकडे खिम्याला, कबाबाला, कधी दालीलाही देतात. रीत एकच. शिजलेल्या पदार्थाच्या मधोमध लहान वाटी किंवा कांद्याची पाकळी ठेवायची. तिच्यात लालबुंद लाकडी कोळसा, त्यावर दोन लवंगा आणि चमचाभर तूप. धूर उठला की लगेच झाकण. पाच-सात मिनिटांत काम होते. मांस शिजवण्याशी या धुराचा संबंध नाही. ते आधीच शिजलेले असते. धुराची खुशबू तेला-तुपात चटकन उतरते, म्हणून चरबीदार खिम्याला धुंगार जसा लागतो, तसा पातळ शोरब्याला लागत नाही.

आमच्या नागपूरला कोळशाची कमतरता नाही. कामठी, उमरेडकडे खाणी आहेत आणि वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालयही नागपुरातच आहे. पण दगडी कोळसा धुंगाराला चालत नाही, त्याच्या धुराला गंधकाचा दर्प असतो. धुंगाराला लाकडाचाच कोळसा हवा. मोमिनपुऱ्यातल्या जुन्या घरी तो विकत आणावा लागत नसे. अंगणात चूल होती, स्वयंपाक आटोपला की निखारे हाताशीच असत. पुढे आम्ही जाफरनगरला तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. चूल गेली, अंगण गेले. अम्मींनी धुंगार मात्र सोडला नाही. गॅसवर जाळी ठेवून त्या कोळसा लाल करीत. दहा मिनिटे ठिणग्या उडत, छोट्याशा स्वयंपाकघरात धूर कोंडे आणि अम्मी ओढणी नाकाला लावून तिथेच उभ्या राहत.

अम्मींना दम्याचा जुना त्रास आहे. डॉक्टरांनी एक दिवस स्पष्टच बजावले, घरात कोळसा पेटवायचा नाही. बंद जागेत कोळसा जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो; त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्ताने ऑक्सिजन वाहून न्यायचा त्याच्या आड तो येतो. हा धडा आम्ही दरवर्षी वर्गात उर्दूतून शिकवतो. घरी तोच धडा अम्मींना सांगितला, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "बिना धुंगार का खीमा? फिर ईद काहे की?" या प्रश्नाचे उत्तर बी.एड.च्या कुठल्याच पुस्तकात नव्हते. एकीकडे त्यांचा श्वास, दुसरीकडे आयुष्यभर हाताने केलेली एक गोष्ट. दोन्हींपैकी एकही हिरावून घेण्याची आमची हिंमत नव्हती.

याच सुमारास चीनमधल्या एका पदार्थाविषयी वाचण्यात आले. सिचुआन प्रांतात बदकाला चहाची पाने आणि कापराच्या झाडाची पाने यांच्या धुरात ठेवतात, मग वाफवून तळतात. ते लोक मसाल्यात मद्य वापरतात. ते आपण सोडून द्यायचे. पण चहापत्तीचा धूर घेण्याची युक्ती घेण्यासारखी होती. त्यात निखारा लागत नाही. धूर झाकणाखालीच जन्मतो आणि तिथेच राहतो.

आमच्या घरात आता ती अशी बसली आहे. जाड लोखंडी कढईच्या तळाला अ‍ॅल्युमिनियमचा कागद घालतो. त्यावर दोन चमचे कोरडी चहापत्ती, दोन चमचे कच्चे तांदूळ, एक चमचा साखर. नॉनस्टिक भांडे वापरायचे नाही, कोरडे तापले की त्याचा थर बिघडतो. वर जाळी, जाळीवर पसरट ताटलीत शिजवून कोरडा केलेला खीमा किंवा कोंबडीच्या तंगड्या. झाकणाच्या कडेला दमच्या बिर्याणीसारखी कणीक लावतो. धुराचा वास आला की आच मंद करून पाच मिनिटे, मग गॅस बंद करून आणखी पाच मिनिटे. साखर करपते, तिचा गोडसर वास चहाच्या वासात मिसळतो. जास्त वेळ ठेवले तर कडवटपणा येतो. पत्ती जरा मोठ्या पानाची असावी. बारीक दाणेदार पत्ती भराभर जळते. उकळून झालेली पत्ती वाळवून वापरू नये, तिला आपल्या चहातले दूध लागलेले असते. कढई गच्चीवर नेऊन तिथेच झाकण उघडतो. तोवर अम्मी आत आपल्या खोलीत बसतात. चहाचा धूर झाला तरी शेवटी धूरच आहे, म्हणून हा थाट सणावारापुरताच.

पहिल्यांदा ताटली समोर ठेवली तेव्हा अम्मींनी एक घास घेतला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कोयले की बात अलग है. मगर ये भी बुरा नहीं." आमच्यासाठी ही सनद होती.

तेव्हापासून मनात एक विचार आहे. आपण ज्याला रिवायत म्हणतो, तिच्यातले जपायचे काय आणि बदलायचे काय, हे ठरवताना आपला समाज फार अडतो. वस्तू बदलली की रिवायत बुडाली असे आपल्याला वाटते. पण वस्तू तर बदलतच असतात. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या चालवणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. पाव त्यामुळे पाव राहायचा थांबत नाही. ज्या चहाशिवाय आपली सकाळ होत नाही, तो तरी आपल्या पूर्वजांच्या घरी कुठे होता? इंग्रजांच्या काळात आला आणि आपला झाला. धुंगाराचा जीव कोळशात नव्हता. आईने सगळ्यांच्या ताटात जाणाऱ्या घासाला शेवटचा हात लावायचा, त्या लावण्यात होता. तो हात शाबूत राहावा म्हणून कोळसा गेला तर जाऊ द्यावा.

गेल्या बकरी ईदला पाहुण्या खालांनी खिम्याची तारीफ केली आणि कृती विचारली. अम्मींनी आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. अगदी सहज म्हणाल्या, "हमारे यहाँ तो चायपत्ती का ही धुंगार देते हैं."