वाक्याला पडलेला पीळ

सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, ॲलिटरेशन, अँटिथेसिस, ट्रान्सफर्ड एपिथेट… अकरावी-बारावीच्या इंग्रजीच्या वर्गात ही नावं एका दमात म्हटली जातात. ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ दिसलं की सिमिली. एकाच ध्वनीने सुरू होणारे शब्द ओळीने आले की ॲलिटरेशन. वारा बोलू लागला, नदी रुसली की पर्सॉनिफिकेशन. खूण हेरायची, नाव लिहायचं, एका वाक्यात स्पष्टीकरण द्यायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. मुलं हे लवकर शिकतात, आणि त्यात गैर काहीच नाही. नाव ठाऊक असल्याशिवाय ओळख पुढे सरकत नाही. मला ओढ आहे ती त्या पुढच्या ओळखीची. सरळ सांगता येत होतं, तर या माणसाने वाक्य वाकवलं का? वाकवल्यावर त्यात कुठलं बळ आलं? आणि ते बळ ऐकणाऱ्याचं काय करून गेलं?

पहिल्या शतकातल्या रोममध्ये क्विंटिलियन नावाचा एक शिक्षक होता. वक्तृत्व शिकवण्यात उमर घालवल्यावर त्याने या विद्येवर बारा भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात एके ठिकाणी तो मायरन या ग्रीक शिल्पकाराच्या थाळीफेक्याकडे बोट दाखवतो. कमरेत वळलेला, गुडघ्यांत वाकलेला, थाळीचा हात मागे उंच गेलेला. उभ्या माणसाची सरळ रेघ त्या देहात कुठेच नाही. पण सरळ उभ्या देहात जे चैतन्य दिसत नाही, ते या वळणात आहे. भाषेतल्या वळणांचंही तसंच, असं क्विंटिलियन सांगतो. तो पुतळा पाहताना मला आणखी एक गोष्ट जाणवते. थाळी लांब जाणार आहे ती अंगाला पडलेल्या त्या पिळामुळेच. आपल्याकडे काश्मीरच्या कुंतकाने तर ‘वक्रोक्तिजीवित’ या ग्रंथात वक्रता हेच काव्याचं जीवित मानलं. अलंकार वरून चढवायचा आणि हवा तेव्हा उतरवून ठेवायचा नसतो. तो उक्तीच्या अंगचाच असतो, हे त्याचं म्हणणं मला फार जवळचं वाटतं.

वक्तृत्वाची ही विद्या जन्मली तीही गरजेपोटी. परंपरा अशी सांगते, की ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात सिसिलीतल्या सिराक्यूजमधली जुलमी राजवट उलथली आणि बळकावलेल्या जमिनी सोडवून घ्यायला लोक न्यायसभेपुढे उभे राहिले. ज्याची त्याने बाजू मांडायची. तेव्हा कोरॅक्स आणि त्याचा शिष्य टिसिआस यांनी बोलण्याची रीत बसवून दिली. जमिनीच्या दाव्यात माणूस कसा बोलतो, हे बांधाचा वाद पाहिलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. पोटाचा प्रश्न असतो, आवाज आपोआप चढतो, एकच गोष्ट तीनदा सांगितली जाते, वाडवडिलांना साक्षीला बोलावलं जातं. पुढे त्याच बेटावरच्या लिओंटिनीचा गॉर्जियस ख्रिस्तपूर्व ४२७ मध्ये वकिलातीवर अथेन्सला आला आणि आपल्या नादमय, तोलून बांधलेल्या वाक्यांनी त्याने तिथल्या सभेला भुरळ घातली. ग्रीकांकडून ही विद्या रोमकडे गेली आणि रोमकडून, लॅटिनच्या बोटाला धरून, इंग्लंडच्या ग्रामर स्कूलमध्ये पोचली.

सोळाव्या शतकातल्या त्या शाळांतली पोरं दिवसभर लॅटिन घोकत. सिसेरो आणि ओव्हिड वाचताना त्यांतले अलंकार हुडकून वहीत टिपून ठेवायचे आणि मग तेच आपल्या लेखनात वापरून दाखवायचे, असा शिरस्ता होता. इरॅस्मसने १५१२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ‘तुझं पत्र वाचून फार आनंद झाला’ एवढं एकच साधं वाक्य शंभराहून अधिक तऱ्हांनी लिहून दाखवलं होतं. हेन्री पीचमने १५७७ मध्ये इंग्रजीत अलंकारांचा ग्रंथ काढला, त्यात जवळपास दोनशे प्रकार गोळा केले होते. आज हे रटाळ वाटेल. पण याच घोटून घेण्याने एका अख्ख्या पिढीचा कान तयार झाला. नाटककारांचा झाला, आणि प्रेक्षकांतल्या शिकलेल्यांचाही झाला.

त्या तयार कानाची करामत पाहायची तर शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’च्या तिसऱ्या अंकात जावं. थॉमस प्लाटर या स्विस प्रवाशाने २१ सप्टेंबर १५९९ रोजी थेम्सच्या काठावरच्या गवती छपराच्या नाट्यगृहात सीझरचं नाटक पाहिल्याची नोंद केली आहे. ते हेच असावं, असं अभ्यासक मानतात. सीझरचा खून झाला आहे. आधी मारेकऱ्यांपैकी एक, ब्रूटस, लोकांपुढे येतो. तो गद्यात बोलतो. त्याची वाक्यं तागडीत घालून तोललेली असतात: एका पारड्यात सीझरवरची माया, दुसऱ्यात रोमवरची. हा अँटिथेसिस. मग तो प्रश्न विचारतो, ज्यांचं उत्तर एकच असू शकतं. ब्रूटस प्रामाणिक आहे, त्याची भाषाही नेटकी आहे, आणि लोक माना डोलावतात.

मग सीझरचा मित्र अँटनी येतो. ब्रूटसला तो वारंवार एकच विशेषण लावतो, सन्माननीय. पहिल्यांदा ते आदराने आलेलं वाटतं. दुसऱ्यांदा ते नुसतं शिष्टाचाराचं वाटतं. प्रत्येक वेळी आधी तो सीझरची एखादी चांगली गोष्ट सांगतो आणि मग ते विशेषण शेजारी आणून ठेवतो. शब्द तसूभर बदलत नाही, पण त्याच्या आतला अर्थ झिजत झिजत जातो, आणि शेवटी तोच शब्द शिवीसारखा ऐकू येऊ लागतो. वर्गात या ठिकाणी मी मुलांना तो उतारा मोठ्याने वाचायला लावते. आवाज कुठे बदलला, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. आयरनी म्हणजे काय, हे व्याख्येआधी त्यांच्या घशाला कळतं.

पुढे अँटनी सीझरचं मृत्युपत्र काढून दाखवतो आणि म्हणतो, की ते वाचणं बरं नव्हे; वाचलं तर तुम्ही पेटून उठाल. सांगत नाही म्हणत सांगायचं. याला पॅरालिप्सिस म्हणतात. ग्रीक नाव ऐकून बिचकायचं कारण नाही. आपल्या घराघरांत लग्नकार्याच्या दिवशी ‘मला काही बोलायचं नाहीये, पण…’ अशी सुरुवात करणारी एक तरी मामी-मावशी असतेच, आणि त्या ‘पण’नंतर सगळं बोलून होतं. बोलता बोलता अँटनी मध्येच थांबतो, माझं काळीज तिकडे शवपेटीत आहे, ते परत येईतो थांबू द्या, म्हणतो. हा अपोसिओपेसिस. ‘मी आता तोंड उघडलं ना, तर…’ एवढंच म्हणून भाजीच्या बाजारात पाठ फिरवणारी बाई हेच करते. तुटलेलं वाक्य ऐकणारा आपल्या मनात पुरं करतो, आणि आपण स्वतः पुऱ्या केलेल्या वाक्यावर माणसाचा सगळ्यात जास्त विश्वास बसतो.

शेवटी तो सीझरचा अंगरखा हाती धरतो. ही कॅशसची कट्यार इथून गेली, हा वार कास्काचा, आणि हा, लाडक्या ब्रूटसचा. लोक डोळे फाडून ती भोकं पाहतात. गर्दीतल्या एकालाही आठवत नाही, की वार झाले तेव्हा अँटनी तिथे नव्हता. त्याला आधीच बाहेर नेलं होतं. कुठला वार कुणाचा, हे त्याला ठाऊक असणं शक्यच नाही. न पाहिलेलं दृश्य त्याने डोळ्यांपुढे उभं केलं आहे. मग तो सांगतो, की मी ब्रूटससारखा वक्ता नाही, मी साधा भोळा माणूस. तोवर गर्दी इतकी पेटलेली असते, की ती जाळपोळीला धावते आणि मृत्युपत्र तसंच राहून जातं. अँटनीलाच त्यांना हाक मारून थांबवावं लागतं. पुढच्या प्रवेशात हीच गर्दी सिन्ना नावाच्या एका कवीला रस्त्यात गाठते. सीझरच्या खुनाच्या कटात याच नावाचा एक जण होता. मी तो नव्हे, मी कवी, असं तो कळवळून सांगतो. तरी लोक त्याचे तुकडे करतात. भाषेच्या एवढ्या वैभवशाली प्रवेशाला लागूनच शेक्सपिअरने एका कवीचा असा मृत्यू ठेवला, हे मला दर वेळी हलवून टाकतं.

मग अलंकार म्हणजे फसवणूकच का? नाही. याचं उत्तर मला दुसऱ्या एका गर्दीत सापडतं. २८ ऑगस्ट १९६३. वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकासमोर नागरी हक्कांसाठी जमलेली सुमारे अडीच लाख माणसं. मार्टिन ल्यूथर किंग लिहून आणलेलं भाषण वाचत होते. जवळ उभ्या असलेल्या गायिका महेलिया जॅक्सन यांनी मध्येच त्यांना स्वप्नाबद्दल सांगण्याचा आग्रह केला, असं तिथे हजर असलेल्यांनी सांगून ठेवलं आहे. कागदावर नसलेला तो भाग मग सुरू झाला. ‘माझं एक स्वप्न आहे’ हे छोटंसं वाक्य आठ वेळा आलं. दर वेळी सुरुवात तीच, पुढचं चित्र निराळं. हा ॲनाफोरा.

अँटनीनेही पुनरुक्तीच केली होती. पण त्याच्या पुनरुक्तीत शब्द रिकामा होत गेला. किंग यांच्या पुनरुक्तीत तो भरत गेला. अँटनी ऐकणाऱ्यांपासून काहीतरी लपवत होता; किंग यांनी जे म्हटलं ते उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. आणि ऐकणारे हाकले जात नव्हते, ते साथ देत होते. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये प्रवचनकार एक ओळ टाकतो आणि मंडळी तिला ओ देतात. ही रीत तिथल्या कित्येकांच्या अंगात लहानपणापासून मुरलेली होती. पुढची ओळ कशी सुरू होणार, हे त्यांना आधीच कळत होतं, म्हणून तर ते ‘हो’ म्हणायला मोकळे होते. आपल्या कीर्तनात ध्रुवपद परत आलं की टाळकरी तयार असतात. तिथे ठाऊक असण्याने गोडी कमी होत नाही, ती दुणावते.

नाव कळलं की कवितेची जादू जाते, अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकते. मला ती पटत नाही. जादू जाते ती नावापाशीच थांबल्यावर. एकच अलंकार रोममध्ये आग लावतो आणि वॉशिंग्टनमध्ये माणसाला ताठ उभं करतो. तेव्हा पुनरुक्ती हे उत्तर पुरेसं कसं होईल? जॉर्ज ऑरवेलने १९४६ मध्ये राजकारणाच्या इंग्रजीवर निबंध लिहिला तो याच काळजीने. गावांवर बॉम्ब टाकायचे आणि त्याला शांतता प्रस्थापित करणं म्हणायचं, ही सौम्योक्ती त्याने उघडी पाडली. सौम्योक्ती आपल्याला मरण सोसायला मदत करते. ‘आजोबा गेले’ म्हणताना घरातलं कुणी खोटं बोलत नसतं. तीच सौम्योक्ती सरकारी निवेदनात कुणाचं तरी मरण दिसेनासं करते. दोन्हीकडे अलंकार एकच, फक्त एकीकडे दुःखावर पांघरूण घातलेलं असतं आणि दुसरीकडे गुन्ह्यावर.

रोमच्या त्या गर्दीत एखाद्याने जरी शेजारच्याला विचारलं असतं, ‘हा वाचत नाही म्हणतोय, मग कागद दाखवतोय कशाला?’ तर सिन्ना कदाचित घरी पोचला असता. तो प्रश्न विचारता यावा, यासाठी मी ही नावं शिकवते. आणि किंग यांच्यासारखा कुणी खरं बोलायला उभा राहिला, तर त्याला मनापासून साथ देता यावी, यासाठीही शिकवते. आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला व्यासपीठ येतं. बाकीच्यांनी आयुष्यभर ऐकायचं असतं: सभेत, टीव्हीसमोर, घरात, देवळात. म्हणून मुलांनी आधी ऐकण्यात तरबेज व्हावं, असं मला कळकळीने वाटतं. बोलणाऱ्याने वाक्याला दिलेला पीळ ज्याच्या लक्षात येतो, त्याला कुणी सहजासहजी हाकत नेऊ शकत नाही. आणि त्याने दिलेली साथ ही खरोखर त्याची स्वतःची असते.