आकार सर्वांचा, खूण ज्याची त्याची

चि. अनघास,


तुझा लेख सावकाश वाचला. दिल्लीत हुमायूनच्या कबरीच्या कमानींवरचे सहा टोकांचे तारे, आपल्या यंत्रांमधला षट्कोण आणि ज्यूंचा तारा ही एकाच प्राचीन ज्ञानाची तीन रूपं आहेत, असा तुझा दावा आहे. त्यामागची तळमळ मला पोचली. धर्माच्या नावाने माणसं तुटत असताना त्यांना जोडणारं काही सापडावं असं वाटणं रास्तच आहे. पण पुरावा तुझ्या बाजूने उभा राहत नाही, आणि चांगल्या हेतूसाठीसुद्धा कच्चा पुरावा वापरू नये, म्हणून हे लांबलचक पत्र. विचार तसा नवा नाही. १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी निघाली. तिच्या मुद्रेत षट्कोण, स्वस्तिक, इजिप्तची खूण आणि स्वतःचीच शेपटी गिळणारा साप असं सगळं एकत्र गुंफलेलं आहे. सर्व खुणांचं मूळ एक, ही श्रद्धा त्या मंडळींनी जगभर नेली, आणि तू वाचलेल्या पुस्तकांमध्ये ती बहुधा तिथूनच झिरपली असावी.

आधी हा आकार किती सोपा आहे ते बघ. खुंटीला दोरी बांधून वर्तुळ काढायचं आणि तेवढीच दोरी परिघावर मोजत जायची. सहाव्या वेळी आपण नेमके निघालो त्याच बिंदूवर येतो. युक्लिडने चौथ्या पुस्तकात हे सिद्ध केलं, पण गवंड्याला आणि सुताराला त्यासाठी युक्लिड लागत नाही. सहा बिंदूंपैकी एकाआड एक जोडले की दोन त्रिकोण एकमेकांत अडकून तारा तयार. जपानमध्ये बांबूच्या पट्ट्या तीन दिशांनी विणून टोपल्या करतात, तिथे कोणी न काढताच हा तारा उमटतो, आणि पुढे तो घराण्यांच्या चिन्हांतही गेला. जी गोष्ट हाताला इतकी सहज सापडते, ती दोन ठिकाणी दिसली म्हणजे एकाने दुसऱ्याकडून घेतली असं ठरत नाही. देवाणघेवाण सिद्ध करायची तर मधला रस्ता दाखवावा लागतो: कोणता ग्रंथ, कोणता कारागीर, कोणता प्रवास. तुझ्या लेखात आकार आहेत, रस्ता कुठेच नाही.

आता ज्यूंच्या ताऱ्याकडे ये, कारण तुझ्या लेखाचा सारा डोलारा तो प्राचीन असण्यावर उभा आहे. गेरशोम शोलेम या ज्यू विद्वानाने या खुणेचा इतिहास खणून काढला, आणि त्याचा निष्कर्ष अनेक धार्मिक ज्यूंनाही धक्का देणारा होता. गालिली समुद्राकाठी कफर्णहूमच्या प्राचीन सिनेगॉगच्या कोरीव पट्टीवर हा तारा आहे खरा, पण एका बाजूला पाच टोकांचा तारा आणि दुसऱ्या बाजूला चक्क स्वस्तिक. तिन्ही निव्वळ नक्षी. त्या काळी ज्यूंची ओळख सांगणारी खूण होती सात फांद्यांची समई, मेनोरा. रोममध्ये टायटसच्या कमानीवर लुटीच्या मिरवणुकीत तीच कोरलेली आहे. इ. स. १००८ च्या सुमारास कैरोत लिहिलेल्या बायबलच्या प्रसिद्ध हस्तलिखितात तारा सजावटीत येतो, ताइतांवर तो पिशाच्चांपासून राखण करायला येतो, आणि ताइतांवरचा हा वापर मुसलमानांमध्येही होताच. ते त्याला सुलेमानची मुद्रा म्हणत. मोरोक्कोच्या सुलतानांनी एकोणिसाव्या शतकात ती आपल्या तांब्याच्या नाण्यांवर उमटवली. एका विशिष्ट समाजाची खूण म्हणून तारा ठळक होतो तो प्रागमध्ये. १३५४ मध्ये राजा चौथ्या चार्ल्सने तिथल्या ज्यूंना स्वतःच्या निशाणाचा मान दिला आणि त्यावर तारा होता. १६५६ मध्ये व्हिएन्नात ज्यू वस्तीच्या हद्दीच्या दगडावर एकीकडे क्रूस आणि एकीकडे तारा आला. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या ज्यूंना नागरी हक्क मिळत गेले, मोठी सिनेगॉग उभी राहिली, चर्चवर क्रूस तसं आपल्यावर काय, हा प्रश्न पडला, आणि त्याचं उत्तर म्हणून तारा सर्वत्र पसरला.

प्रागमध्ये ते निशाण फडकत होतं तेव्हा शेजारच्या मुलखात काय चाललं होतं? न्यूरेंबर्गच्या मेंडेल धर्मशाळेच्या चित्रवहीत १४२५ च्या सुमाराचा एक बिअर गाळणारा कारागीर आहे आणि त्याच्या डोक्यावर हाच सहा टोकांचा तारा लटकतो आहे. बव्हेरियाच्या ओबरफाल्झ भागात घरची बिअर तयार झाली की आजही दारावर तारा टांगतात. प्राग तिथून फार लांब नाही. निशाणावरच्या ताऱ्याखाली कोणी बिअर मागितली नाही आणि बिअरच्या ताऱ्याखाली कोणी प्रार्थनेला गेलं नाही. आकार तंतोतंत एकच, तरी लोकांचा गोंधळ होत नव्हता, कारण तारा कुठे आहे, कोणी टांगला आहे आणि कोणासाठी, यावरून ते अर्थ ओळखत.

यावर तू म्हणशील, बिअरचं राहू दे, पण षट्कोणाचं तत्त्वज्ञान तरी समान आहे ना? वरच्या टोकाचा त्रिकोण शिव, खालच्या टोकाचा शक्ती. युरोपातल्या किमयागारांकडेही एक त्रिकोण अग्नीचा आणि दुसरा पाण्याचा. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्यातलं अर्धं मला मान्य आहे. एकमेकांविरुद्ध तोंडं केलेले दोन समान त्रिकोण पाहिले की विरोधी तत्त्वांचा मेळ मनात येणारच. ते आकारच सुचवतो. पण म्हणूनच तो विचार दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकतो. शिवाय आपल्याकडेसुद्धा षट्कोणाचा अर्थ एक कुठे आहे? पूर्णानंदांच्या सोळाव्या शतकातल्या ‘षट्चक्रनिरूपणा’त अनाहत चक्रातला षट्कोण हे धुरकट रंगाचं वायुमंडल आहे. कार्तिकेयाच्या यंत्रात सहा कोन येतात ते षण्मुखाच्या सहा अक्षरी मंत्रासाठी, प्रत्येक कोनाला एक अक्षर. म्हणजे एकाच परंपरेत शिवशक्ती, वायू आणि सहा अक्षरं असे तीन अर्थ नांदतात, आणि त्यातला कोणता घ्यायचा हे भोवतीच्या पाकळ्या आणि मधलं बीजाक्षर ठरवतं. भूपुर म्हणजे बाहेरची चौकट, कमळ, बीज सगळं खरवडून नुसता तारा हातात घेतलास तर उरते भूमिती. साधकाचं ज्ञान तू बाहेरच टाकलेलं असतंस, आणि मला या मांडणीत सर्वांत जास्त खुपतं ते हेच.

दुसरा आक्षेप याहून कठीण. अर्थ वापराने ठरतो म्हटलं तर तो हवा तसा बदलता येईल, मग खुणेला पावित्र्य कुठून? त्याचं उत्तर विसाव्या शतकात आहे. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने ज्यूंनी वेगळा पोशाख करावा असं फर्मावलं, तेव्हापासून युरोपात त्यांच्यावर खुणा लादल्या गेल्या, पण जर्मन मुलखांत ती खूण बहुधा पिवळं कडं असे. नाझींनी तारा निवडला, कारण तोवर ज्यूंनी तो आपला मानला होता. १८९७ मध्ये बाझेलच्या झायनिस्ट अधिवेशनात तो निशाणावर फडकला होता. १९ सप्टेंबर १९४१ पासून जर्मनीत सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यू मुलालाही तो छातीवर शिवून घेणं सक्तीचं झालं. छळछावण्यांत तर दोन त्रिकोणांतून माणसांची वर्गवारी केली जाई: खाली पिवळा त्रिकोण ज्यू म्हणून, त्यावर उलटा लाल त्रिकोण राजकीय कैदी म्हणून. वरचं टोक आणि खालचं टोक, तेच दोन त्रिकोण. तिथे तुला विरोधी तत्त्वांचा मेळ दिसेल का? १९४८ मध्ये इस्रायलने हाच तारा ध्वजावर घेतला. शोलेमचंही म्हणणं असं, की ज्या खुणेखाली इतकी माणसं मेली तिला जुनी धार्मिक वंशावळ असण्याची गरज उरली नाही. तेव्हा अर्थ वापराने येतो म्हणजे तो स्वस्तात येतो असं नाही. आणि आज त्याच ध्वजाकडे बघताना पॅलेस्टिनी माणसाच्या मनात वेगळं काही दाटून येतं, तेही त्याच्या अनुभवातून आलेलं आहे. दोघांनाही हे मूळचं शिवशक्तीचं चिन्ह आहे असं सांगणं म्हणजे दोघांचंही न ऐकणं.

आपल्या बेने इस्रायलांचा, म्हणजे मराठी ज्यूंचा, उल्लेख तू ओझरता केला आहेस, तो वाढव. कोकणात ते शनवार तेली म्हणून ओळखले गेले, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. डेविड राहाबीने त्यांना ज्यू म्हणून ओळखलं ते बायकांनी पर आणि खवले असलेले मासेच निवडून घेतले म्हणून, असं त्यांची परंपरा सांगते. त्यांचं पहिलं सिनेगॉग मुंबईत १७९६ मध्ये झालं. त्याआधी पिढ्यान् पिढ्या ओळख टिकली ती पाळणुकीवर. हुमायूनच्या कबरीचा परिच्छेदही ठेव, पण ती मुघल कारागिरांची सुबक भूमिती म्हणून, आणि तिथून थेट जेरुसलेमला नेणारं ते वाक्य तेवढं काढ. नवा खर्डा झाला की पाठव.

तुझा,
नानाकाका