मगरींच्या गावात दादाला एक प्रश्न

आईनं माझ्या बॅगेत तीन गोष्टी भरल्या होत्या. भाजणी, गोडा मसाला आणि एक प्रश्न. पहिल्या दोन मी ऑस्ट्रेलियाच्या एअरपोर्टवर फॉर्मवर लिहून दाखवल्या. (खाण्याच्या बाबतीत तिथे फुल टू कडक कारभार आहे, लपवालपवी नको!) प्रश्न मात्र तसाच आत नेला.

प्रश्न साधा होता. ‘दादा, तू परत कधी येणार?’

दादा सिव्हिल इंजिनिअर. सात वर्षांपूर्वी ‘दोन वर्षं अनुभव घेतो आणि येतो’ म्हणून डार्विनला गेला. गेल्या वर्षी बाबांची बायपास झाली तेव्हा दहा दिवस आला होता. अकराव्या दिवसापासून हॉस्पिटलच्या चकरा, गोळ्यांच्या वेळा, इन्शुरन्सची कागदपत्रं... सगळं माझ्याकडे. का? तर मी फ्रीलान्सर. आमच्या घरच्या डिक्शनरीत फ्रीलान्सर म्हणजे ‘तू मोकळीच आहेस ना!’ त्यामुळे प्रश्न आईचा असला तरी त्यात माझा रागही बऱ्यापैकी मिसळलेला होता.

पाच दिवस गेले. भाजणीची थालीपीठं झाली, सिनेमे बघून झाले, नातेवाइकांची टिंगल करून झाली. प्रश्न तसाच. मग दादा म्हणाला, ‘मनू, उद्या काकाडूला जाऊ. आख्खा दिवस.’

काकाडू हे डार्विनच्या पूर्वेला असलेलं नॅशनल पार्क. आकार किती? जवळजवळ २० हजार चौरस किलोमीटर. आपला आख्खा पुणे जिल्हा त्यात ठेवला तरी वर जागा उरेल! १९८१ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. इथल्या मूळ रहिवाशांना बिनिंज आणि मुंग्गुय म्हणतात. जमिनीचा मोठा भाग त्यांच्याच मालकीचा आणि पार्कचा कारभार ते आणि सरकार मिळून चालवतात. आम्ही पहाटे अंधारात निघालो. आर्नहेम हायवेवर दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच वारुळं, समोर सरळसोट रस्ता आणि तासाभरात मोबाइलची रेंज गायब. आता पळायला जागा नाही, मी मनात म्हटलं. त्याला आणि मलाही.

सुमारे ३०० किलोमीटरवर कुइंडा नावाची जागा आहे. तिथलं यलो वॉटर म्हणजे एक भलंमोठं पाणथळ. पाण्याच्या कडेनं खांबांवर उभारलेली, कठडे असलेली पायवाट आहे, तोच बोर्डवॉक. सुरुवातीलाच मगरीच्या चित्राची पाटी. पाण्याच्या काठावर जाऊ नका, पाण्यात हात घालू नका. गंमत नाही हं. खाऱ्या पाण्यातली ही मगर सहा मीटरपर्यंत वाढते आणि नाव खारं असलं तरी गोड्या पाण्यात मजेत राहते. कातड्यासाठी शिकार करून करून ती संपत आली होती. १९७१ साली या भागात शिकारीवर बंदी आली आणि मग तिची संख्या पुन्हा वाढली.

तुम्हाला जायचं असेल तर मे ते ऑक्टोबरचा कोरडा काळ गाठा आणि पार्कचा पास आधीच काढा. पावसाळ्यात पाणी इतकं चढतं की बोर्डवॉकवरही येतं. आम्ही गेलो ते ऑगस्टमध्ये. पुण्यात धो धो पाऊस आणि इथे निळं स्वच्छ आकाश! पाण्यावर धुक्याचा पातळ थर होता आणि त्यातून कमळं वर आली होती. कमळ तेच, आपलंच, गुलाबी. मला उगाचच ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं. काळ्या-पांढऱ्या मॅगपाय गीज पक्ष्यांचे थवेच्या थवे चिखलात चोची खुपसून बसले होते. बाकीची पाणथळं आटायला लागली की ते उरलेल्या पाण्यापाशी गोळा होतात. लांब एक जबिरू, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या मानेच्या करकोच्याचा भाऊबंद, एकेक पाय मोजून टाकत होता. आणि कमळाच्या पानांवरून चक्क चालत जाणारा, लांबलचक बोटांचा कमळपक्षी!

‘याच्यात पिल्लं बाप सांभाळतो,’ दादा म्हणाला. ‘अंडी उबवण्यापासून सगळं. धोका दिसला तर पिल्लांना पंखाखाली उचलून पळतो.’

‘आणि बाप म्हातारा झाला की त्याला कोण सांभाळतं?’ मी विचारलं.

दादा गप्प. मीही गप्प. सुरुवात चांगली झाली नव्हती.

थोडं पुढे गेल्यावर त्यानं विषय बदलला. म्हशींचा किस्सा सांगायला लागला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी आशियातून इथे म्हशी आणल्या. त्या सुटल्या, रानटी झाल्या आणि त्यांची संख्या भरमसाट वाढली. त्यांच्या खुरांनी काठ तुटले, समुद्राचं खारं पाणी गोड्या पाणथळांत शिरलं आणि झाडं मेली. शेवटी १९८० च्या दशकात गुरांचा क्षयरोग रोखण्यासाठी मोठी मोहीम निघाली, म्हशी हटवल्या गेल्या आणि कमळं, गवतं, पक्षी हळूहळू परत आले.

‘म्हणजे तुझ्यासारखीच,’ मी म्हटलं. ‘बाहेरून आली आणि माजली.’

दादा जोरात हसला. मग एकदम थांबला. ‘मनू, विचार काय विचारायचंय ते. पाच दिवस बघतोय.’

विचारलं. आईनं सांगितलं होतं तसं गोड नाही, माझ्या पद्धतीनं विचारलं. ‘तू परत कधी येणार? तारीख सांग.’

तो कठड्याला टेकून पाण्याकडे बघत राहिला. पाण्यात एक ओंडका तरंगत होता. बघता बघता त्या ओंडक्याला डोळे आले आणि तो आवाज न करता खाली गेला.

‘तारीख नाहीये,’ दादा म्हणाला. ‘कारण मी नाही येणार. म्हणजे, कायमचा नाही.’

खरं सांगू? मला धक्का बसला नाही. राग मात्र आला. ‘मग आईला दर रविवारी फोनवर “बघू” का म्हणतोस?’

‘तिला वाईट वाटेल म्हणून.’

‘आणि वाट बघण्यात काय बरं वाटतं? तुझं “बघू” झालं की तू फोन ठेवतोस. पुढचे सहा दिवस तिचं ऐकते मी. तुझी खोली अजून तशीच आहे. पाहुणे आले तरी तिथे कुणाला झोपू देत नाही ती. माहितेय तुला?’

त्याला माहीत नव्हतं. तो तिथेच खाली बसला. मीही बसले. पक्ष्यांचा गोंगाट चालू होता, ते बरं झालं.

बिनिंज लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. आपल्यासारखेच सहा! आम्ही गेलो तेव्हा थंडीचा वुर्रगेंग संपत आला होता आणि उन्हाचा गुर्रुंग लागणार होता. पण ऋतू बदलला हे ते कॅलेंडर बघून ठरवत नाहीत. वारा कुठून येतो, कुठलं झाड फुललंय, यावर त्यांची नजर असते. वूलीबट नावाचं झाड फुललं की जंगलातलं गवत थोडं थोडं जाळायची वेळ झाली, असं ते समजतात. हे दादानंच मला येताना गाडीत सांगितलं होतं. आता तिथे बसल्यावर मला त्याच्या अंगणातला कढीपत्ता आठवला. त्यानं लावला तेव्हा वीतभर होता, आता त्याच्या डोक्यावर गेलाय. गेल्या वर्षी त्यानं घर घेतलं, तेही आठवलं. सगळं समोर होतं आणि आम्ही तिघं इकडे तारीख मागत बसलो होतो.

‘आईला मी सांगू?’ मी विचारलं. सवयच ती.

‘नको. माझं मी सांगतो.’ मग थोड्या वेळानं, ‘इन्शुरन्सचं सगळं माझ्याकडे पाठव. ते ऑनलाइन होतं, मी इथून करीन. आणि वर्षातून सहा आठवडे येतो. बाबांच्या तपासण्या तेव्हाच धरू. त्या सहा आठवड्यांत तू खरंच मोकळी.’

सहा आठवडे म्हणजे फार काही नाही, हे मला कळतं. पण ‘बघू’पेक्षा तो आकडा तरी होता.

परतीच्या वाटेवर रेंज आली, तशी त्यानं गाडी बाजूला घेतली आणि लगेच घरी फोन लावला. मी बाहेर पडून एका वारुळापाशी जाऊन उभी राहिले. काचेतून फक्त त्याचे हलणारे ओठ दिसत होते. मधेच त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. बावीस मिनिटं झाली. मग त्यानं काच खाली करून फोन माझ्याकडे दिला.

‘मनू,’ आईचा आवाज जड होता. ‘भाजणी नीट पोचली ना गं?’

‘पोचली आई,’ मी म्हटलं. ‘सगळं पोचलं.’